बीरगांवचा धूर

रायपूरला आमच्या शंकर नगरच्या घरात दाराशेजारी एक मोठी निळी बॅग उभी असायची. बाबांनी ती मला न विचारता आणली होती. जाता-येता माझ्या पायाची करंगळी तिला आपटायची आणि मी मुद्दाम मोठ्याने ओरडायचे, बाबांना ऐकू जावं म्हणून. बॅग परदेशासाठी होती आणि मला परदेशी जायचं नव्हतं. त्या हिवाळ्यात घरात दुसरा विषयच नव्हता.

विमान चालवायचं सुरुवातीचं शिक्षण मी रायपूरहून सकाळच्या गाडीने निघालं की जेवणाच्या आत पोचता येईल, अशा एका शाळेत घेतलं होतं. पुढचा टप्पा होता तो बाहेर न बघता उडायचा. ढगात, धुक्यात काचेपलीकडे काही दिसत नाही आणि आपलं शरीर तर धडधडीत खोटं बोलतं. विमान सरळ चाललेलं असतं आणि कान सांगत असतात की आपण कलंडलो. तेव्हा समोरच्या काट्यांवर आणि सुयांवरच भरवसा ठेवायचा. सराव करताना डोक्यावर हूड घालतात, म्हणजे पुढे लांब झडप असलेली टोपी. तिच्यातून फक्त समोरची यंत्रं दिसतात. हे शिक्षण पुरं झाल्याशिवाय कुठलीही विमान कंपनी दारात उभं करत नाही.

माझा धाकटा आतेभाऊ हेच शिकायला परदेशी गेला होता. तिकडून त्याचा फोन यायचा, “दीदी, यहाँ आ जाओ. रोज़ उड़ान है, आसमान एकदम साफ़.” मराठी त्याला सगळी कळते, पण उत्तर हिंदीतच देतो. फोन ठेवला की बाबा माझ्याकडे वळायचे.

“पाह्य, तिकडे पोट्टा रोज उडून राहिला. इथं कधी विमान दुरुस्तीले, कधी पाऊस, कधी धुकं. तू काहून अडून बसली?”

“धुकंच तर पाहिजे न, बाबा! साफ आकाशात टोपी घालून आंधळी कोशिंबीर खेळायची, अन् इथं येऊन खऱ्या धुक्यात घाबरायचं? मले उडायचं तर इथंच आहे.”

आई भाजी निवडता निवडता म्हणायची, “दुरून डोंगर साजरे.” मला वाटायचं ती माझ्या बाजूने आहे. मग तीच संध्याकाळी बॅगेवरची धूळ पुसायची.

माझा मुद्दा चुकीचा नव्हता, हे मी आजही म्हणते. पण खरं कारण त्याहून साधं होतं. मला हे आकाश सोडवत नव्हतं. लहानपणी बाबा मला स्कूटरवर पुढे उभं करून बीरगांवला न्यायचे. पंडरी बाजारातल्या आमच्या ठोक दुकानातून बीरगांवच्या छोट्या कापड दुकानांना माल जायचा. तिथल्या कारखान्यांचा धूर नाकात शिरला की समजायचं, आलं बीरगांव. जळक्या लोखंडाचा, जिभेवर चव येईल असा वास. विमानात बसायला लागले तेव्हा वरून तो धूर बघून मला माहेरी आल्यासारखं व्हायचं. हे आकाश माझं आहे, मी त्याला ओळखते, असा माझा तोरा होता.

तो तोरा उतरायला एकच सकाळ पुरली.

पुढचा टप्पाही मी तोवर त्याच शाळेत सुरू केला होता; तिथले आमचे शिकवणारे सर मूळ नागपूरचे. विमानात इंग्रजी बोलायचे आणि चिडले की घरच्या बोलीवर यायचे. त्या सकाळी आम्ही पश्चिमेकडून रायपूरच्या विमानतळाकडे येत होतो. माझ्या डोक्यावर हूड होता, समोर सुई अगदी मधोमध होती. म्हणजे आम्ही बरोबर वाटेवर होतो. आणि तेवढ्यात हवेच्या झरोक्यातून तो वास आला. बीरगांव! बीरगांव तर शहराच्या उत्तरेला, म्हणजे आमच्या डाव्या हाताला. मी डावीकडे वाहवत गेले, विमानतळ उजवीकडे राहिला, असं मला इतकं स्वच्छ वाटलं की मी विचारही केला नाही. विमान उजवीकडे वळवलं.

“सुई कुठं होती?” सरांनी विचारलं.

“मधोमध.”

“मंग काहून वळवलं?”

“सर, बीरगांवचा वास आला.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी हे उत्तर ऐकलं नसावं. त्यांनी विमान आपल्या हातात घेतलं आणि माझा हूड काढला. बीरगांव तिकडे लांब, डावीकडेच होतं. उत्तरेचं वारं सुटलं होतं आणि धूर पसरत पसरत आमच्या वाटेवर आला होता. आम्ही बरोबर होतो, मी वळवेपर्यंत.

“लोकांनी इतकी वर्षं खपून ही सुई बनवली, अन् तू नाकानं विमान चालवून राहिली,” सर म्हणाले. मला हसू यायला हवं होतं, पण डोळे भरून आले. उतरल्यावर मी त्यांच्याशी धड बोललेही नाही.

सुट्टीत घरी आले तर आईकडून समजलं, बाबांना आधीच सगळं कळलेलं. त्यांनी सरांना फोन करून सरळ विचारलं होतं, पोरीला बाहेर पाठवू का? सर म्हणाले होते की हात चांगला आहे, डोकंही आहे, पण ही आपल्या गावाच्या आकाशात लाडावलेली आहे. पुन्हा एकदा रायपूरला आणतो. पुन्हा नाकाचं ऐकलं तर खुशाल पाठवा, जिथं तिच्या ओळखीचा एकही वास नाही अशा ठिकाणी. नाही ऐकलं तर इथंच पुरं करू.

मी तणतणत पंडरीला दुकानात गेले. बाबा कापडाच्या नव्या आलेल्या ठाणाचं माप घेत होते. ठाणावर लांबी छापलेली असते, तरी ते लोखंडी गज लावून मोजतातच.

“तुम्ही माझ्या मागं फोन काहून केला?”

“बस,” ते म्हणाले. गजावरून कापड सरकत राहिलं. “तुले आठवते का, तू लहानपणी हातानं मोजायची? हे बोट ते खांदा, एक मीटर. अन् मी ओरडलो की म्हणायची, माझा हात मले माहीत आहे.”

“मग?”

“मग काही नाही. हात वाढत होता तुझा.”

मला राग आला तो आलाच, पण या वेळी त्यांच्यावर येईना. शाळेत परत जाताना गाडीत मी खिडकीकडे पाठ करून बसले आणि मनाशी एकच धरलं, वास येईल तेव्हा सुईकडे बघायचं.

दुसऱ्या वेळी रायपूरकडे निघालो तेव्हाही वारं उत्तरेचंच होतं. हूडखाली मला माझे हात आणि यंत्रं एवढंच दिसत होतं. वाटलं, आज वास आलाच नाही तर बरं. मग वाटलं, आलाच पाहिजे, नाहीतर परीक्षा कसली.

आला. तसाच, जिभेपर्यंत. आणि माझं सगळं अंग म्हणालं, वळव. आत्ता वळव, बीरगांव खाली आहे, तुझं बीरगांव. मी घाबरले होते, हे सांगायला मला लाज नाही. सुई मधोमध होती. मी तिच्यावरून डोळे काढले नाहीत. नाक ओरडत होतं, मी ओरडू दिलं. उंची उतरत गेली, सुई हलली की तेवढंच सावरायचं, पुन्हा बघायचं. वास मागे पडला केव्हा, ते मला कळलंही नाही.

“काढ हूड,” सर म्हणाले.

धावपट्टी समोर होती, नाकाच्या सरळ रेषेत. मी चक्क हसले आणि सरांनी दटावलं, “आधी उतरव.”

विमान उभं केल्यावर मी बाबांना फोन लावला. मागे दुकानातला गलका ऐकू येत होता.

“बाबा, धूर आला होता.”

गलका दूर गेला. ते बाहेर पायरीवर आले असावेत.

“मंग?”

“सुई नाही म्हणत होती. मी वळली नाही.”

लोखंडी गज पायरीवर टेकवल्याचा आवाज आला.

“बरं. सरांना नमस्कार सांग. जेवली का?”

पुढच्या सुट्टीत घरी गेले तर दाराशेजारी जागा मोकळी होती. करंगळी सवयीने आखडली, पण आपटायला काही नव्हतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, “बाबानंच उचलून माळ्यावर ठेवली. जुन्या रजया भरल्या तिच्यात.”