मामांचे तीन जिने

शिरूर-दौंडकडच्या शेतकऱ्याला निवांत मरायचं असेल, तर आधी माझ्या बायकोच्या मामांची परवानगी काढावी लागते. मामा वकील आहेत, पण मारामाऱ्या आणि घटस्फोट असल्या किरकोळ गोष्टींना ते हात लावत नाहीत. मृत्युपत्रं, वारसांच्या नोंदी आणि पोरक्या लेकरांना पालक नेमून देणं, एवढंच त्यांचं राज्य. बारशाला गेल्यावर बाकीचे लोक बाळाचं नाक कुणावर गेलंय ते बघतात, मामा बाळाच्या आजोबांना कोपऱ्यात घेऊन "कागद केलाय का?" म्हणून विचारतात. त्यामुळे हल्ली त्यांना बारशाची आमंत्रणं येत नाहीत.

त्यांचं ऑफिस शिरूरला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. मामांच्या मते ही सोयच आहे. साक्षीला वडीलधारी माणसं न्यायची ही आपल्याकडची रीत. त्यामुळे कागद करणारा ऐंशीचा, तर साक्षीदार ब्याऐंशीचे. पुढं कागद उघडायची वेळ येते, तेव्हा तिघांच्याही फोटोला हार! म्हणून मामा जिन्याच्या तोंडाशी उभे राहून साक्षीदारांचा श्वास ऐकतात. धाप लागली की नापास.

न्हावऱ्याच्या एका आबांना आपली तीन एकर आणि विहीर विधवा सुनेच्या नावे करायची होती, कारण आपल्यामागं पुतणे तिला घरात टिकू देणार नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आबांना खुर्चीत बसवून दोन गड्यांनी वर आणलं. साक्षीला आणलेले फेटेवाले दोस्त मात्र एक पहिल्या मजल्यावर बसला, दुसरा दुसऱ्यावर. मामांनी खुर्ची उचलणाऱ्यांकडं बोट केलं. "साक्षीदार हे."

"वकीलसाहेब, ह्यो तर डेअरीवर दूध घालतोय!" आबा कळवळले. "गावात काय त्वांड दाखवू म्या?"

"आबा, तोंड तुम्हाला नाही, साक्षीदाराला दाखवायचंय. कोर्टात." एवढं बोलून मामांनी त्या दोघांना पुन्हा खाली पाठवलं, कारण ओझ्यासकट चढलेलं ते धरत नाहीत.

आबा गेले आणि पुतण्यांनी कागद बोगस आहे म्हणून दावा लावला. सून हवालदिल झाली. दावा रेंगाळत साक्षीवर आला तोवर कागदाला नऊ वर्षं उलटली होती. दुसऱ्या गड्याचा पत्ता लागेना, तेव्हा सगळी भिस्त दूधवाल्यावर. समोरच्या वकिलांनी हसत विचारलं, "नऊ वर्षांपूर्वीची सही तुम्हाला बरी आठवते?"

"न आठवाया काय झालं, साहेब? आबाला खुर्चीत घालून तीन जिनं चढलो, आन् ह्या वकिलांनी पुन्यांदा रिकामं चढाय लावलं! आबा हसलं, म्हनलं, लेका, पास झालास. मंग आदी त्यांनी सही केली, आमच्या म्होरं, आन् मंग आमी. पोटऱ्या आठ दिस दुखत व्हत्या. कोन इसरल?"

अख्खं कोर्ट हसलं, न्यायाधीशसाहेबसुद्धा. निकाल सुनेच्या बाजूनं लागला. दुसऱ्या दिवशी ती कांद्याची पिशवी डोक्यावर घेऊन तिन्ही जिने चढून आली, आणि मामांनी भर ऑफिसात टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मामा मला जिल्ह्यातले सर्वांत मोठे वकील वाटले. अजूनही वाटतात.

आता मामांचे गुडघे गेलेत, तरी एकेक पायरी करत ते ऑफिसला येतातच. परवा त्यांनी मला तिथं साक्षीला बोलावलं; स्वतःचा कागद करायचा होता. मला ते नको होतं. मामा हवे होते, कागद नको. म्हणून तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर मी मुद्दाम कठड्याला धरून धापा टाकत उभा राहिलो.

मामांनी क्षणभर कान दिला. "जावईबापू, चाळीस वर्षं श्वास ऐकतोय मी. तुम्ही पास आहात. या, दुसरा साक्षीदार आत बसलाय."

आधी त्यांनी सही केली, मग मी. तेव्हा मात्र मला खरोखरच दम लागला.