धक्क्यावरची जीप आणि तीन वेबसाइटी

जीप स्टँडवरच्या माणसाकडे किस्से साठतात, ते काही त्याच्या हुशारीमुळे नाही. सवाऱ्या भरेपर्यंत गाडी हलत नाही, आणि तोवर तोंड बंद ठेवणं आमच्या रिसोडच्या स्टँडवर कुणालाच जमत नाही! आता हे सगळं मी हसत सांगतो. घडत होतं तेव्हा मात्र हसू येत नव्हतं.

*

झालं असं, की माझ्या जीपचा सेल्फ, म्हणजे स्टार्टर, गेला. किल्ली फिरवली की नुसतं 'टक्' व्हायचं. पुढे सगळं काम धक्क्यावर. रिसोड-वाशीम फेरीला सवाऱ्या आधी खाली उतरून गाडी ढकलायच्या आणि मग पळत येऊन बसायच्या. एक गुरुजी धापा टाकत म्हणाले, "काहून हो, तिकीट गाडीचं हाय की कसरतीचं?"

सगळे हसले, मला घाम फुटला. माझी मुलगी वर्षा पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे, रिठदला आली होती. तिला वाशीमच्या दवाखान्यात माझ्याच गाडीतून नेणार, असं मी जावयांना छातीठोकपणे सांगून बसलो होतो. बायको रोज एकच विचारायची, "रस्त्यात बंद पडली तं ढकलन कोन? पोरगी?"

*

जुना सेल्फ दुरुस्त करून करून शरीफभाई मिस्त्रींनी हात टेकले होते. नवा अकोल्यातही मिळेना. मग ऑनलाइन! तीन वेबसाइटी, तिन्हींवर एकच फोटो आणि भाव मात्र तीन.

तुलना करायला गजानन बसला. हा आमच्या स्टँडवरचा सगळ्यात तरुण ड्रायव्हर, त्यामुळे मोबाइलचं सगळं खातं त्याच्याकडे. तो चांगले रिव्ह्यू वाचायचाच नाही. म्हणाला, "पाच स्टार देनारा दुकानदाराचा साळा असते दादा. शिव्या देनारा खोटं नाई बोलत!"

संध्याकाळपर्यंत त्याने इतक्या शिव्या वाचून दाखवल्या, की मला तिन्ही दुकानांची धास्ती बसली. सगळ्यात कमी शिव्या असलेलं दुकान आम्ही पक्कं केलं.

*

त्या साइटने गाडीचं मॉडेल विचारलं, वर्ष विचारलं. टाकलं. लगेच हिरवी खूण आली, 'हा पार्ट तुमच्या गाडीला बसतो.' माझा जीव भांड्यात पडला. फोन नेऊन शरीफभाईंना दाखवला.

ते म्हणाले, "इंजन एका गाडीचं, गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा. त्या साइटले कोन सांगन, का तुह्या गाडीत तिची सोताची फक्त नंबरप्लेट राह्यली म्हून?"

"पण बसेल ना भाई?"

"बसला तं बसन!"

*

सेल्फ आला. आमच्या घरी नवी वस्तू आधी देवापुढे जाते, मग तिला पाना लागतो. बायकोने सेल्फला पाटावर ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं, वर्षासाठी हात जोडले. मग मी तो गॅरेजवर नेला. शरीफभाईंनी लावून पाहिला आणि मान हलवली. सेल्फचे आणि इंजिनाचे दात जुळत नव्हते.

परत करायला कस्टमर केअरला फोटो पाठवले. तिकडून बाईंचा फोन आला, "सर, प्रॉडक्टवर लाल डाग आहेत. म्हणजे वापरलेलं आहे."

"मॅडम, ते कुंकू हाय!"

बाई म्हणाल्या, "ठीक आहे सर. पुसून पुन्हा फोटो पाठवा."

मी फडकं घेतलं तशी बायको आडवी आली. "देवापुढचं कुंकू पुसता? दोन जिवाची पोरगी हाय घरात! काई अक्कल?"

सेल्फ घरातच राहिला. अजूनही रोज दोन फुलं त्याच्यावर पडतात.

*

दुसऱ्या साइटवरून मागवला. आता मी दर घटकेला मोबाइल बघायचो. पार्सल नागपूरहून निघालं, वाशीमला आलं, डिलिव्हरीला बाहेर पडलं! आणि मग मेसेज आला, 'ग्राहक घरी नव्हता. पार्सल परत पाठवले आहे.'

तो वाचला तेव्हा मी वाशीमच्या स्टँडवर होतो आणि पाच-सहा सवाऱ्या माझी जीप ढकलत होत्या. त्यातल्या एकाच्या पाठीवर मोठी कुरिअरची पिशवी. मी मेसेज दाखवला.

"हे तुमचं होतं काय दादा?" तो कळवळून म्हणाला. "मी रोज तुमची गाडी ढकलतो. पन त्याच्यावर पत्ता तं घराचा होता, अन् घराले कुलूप!"

तिसरी साइट उघडायची माझी हिंमतच झाली नाही.

*

वर्षाला कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. शेजाऱ्यांनी जीप ढकलून चालू करून दिली. गजाननला फोन केला, तर तो आपली जीप घेऊन हजर. त्याचा सेल्फ ठणठणीत. वर्षाला त्याच्याच गाडीत बसवावं, हे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही! मी पोरीला घेऊन पुढे आणि तो रिकामी जीप घेऊन मागे, असे आम्ही वाशीमला पोचलो.

मायलेकी आत गेल्या. मी गाडीतच बसून राहिलो. डॉक्टरांनी ऐनवेळी अकोल्याला न्या म्हटलं तर? इंजिन चालू, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर. मागे गजाननचंही इंजिन चालू.

नर्सबाई तणतणत बाहेर आल्या. "दोन-दोन जिपा काहून चालू ठेवल्या?"

"दादाची बंद पडली तं माही पायजे ना सिस्टर!" गजानन म्हणाला.

"मंग तुही तं बंद कर. तुह्या गाडीले काय झालं?"

"काई नाई झालं. पन भेव लागते."

किती वेळ गेला कोण जाणे. स्टिअरिंग धरून हात बधिर झाले. डोक्यात नको नको ते येत होतं. शेवटी बायको पायऱ्या उतरून आली. डोळे लाल.

"नात झाली," ती म्हणाली. "दोघी बऱ्या हायेत. कवाचं रडून राह्यलं ते बाळ, तुमाले आवाज नाई आला?"

"इंजन चालू होतं."

"आता तरी बंद करा अन् वर चाला."

माझा हात किल्लीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

मागच्या जीपमधून गजाननने डोकं बाहेर काढलं.

"करा दादा बंद! माही चालू हाय!"