पडजिभेचा क

हसायचं असेल तर आधी चहाचा कप खाली ठेवा. कारण मी जे केलं ते आता कुठल्या तोंडाने सांगू? याच तोंडाने तर केलं होतं!

सिंगापुरात तोआ पायोहच्या ऑफिसात माझ्या शेजारी निवी बसायची. मूळची ग्रीनलंडची. तिची आजी महिनाभर राहायला आली होती. एकदा डबा खाताना निवी म्हणाली, "आजी हल्ली बोलतच नाही गं. मी दिवसभर इथे. तिची भाषा कळणारं दुसरं आहे कोण?"

माझ्या काळजात चर्र झालं. माझी आई इथे आमच्या बिशानच्या फ्लॅटवर राहायला आली होती, तेव्हा अशीच खिडकीशी गप्प बसून असायची. लिटिल इंडियात एका बाईंनी नुसतं "कुठल्या तुम्ही?" असं मराठीत विचारलं, तर आईने त्यांना भाजीच्या पिशव्यांसकट तासभर उभं ठेवलं!

ठरवलं, आजींचं स्वागत त्यांच्याच भाषेत करायचं. निवीने दोन शब्द दिले. 'टिकिल्लुआरित' म्हणजे या, स्वागत. आणि 'आनक' म्हणजे आजी.

"यातला ल्ल म्हणजे आमचा ळ ना?" मी ऐटीत विचारलं. ळ म्हणता येतो याचा आपल्याला केवढा अभिमान!

"छे! जीभ ल म्हणायला लाव, आणि आवाज न करता नुसती हवा सोड."

तेही कसंबसं जमलं. पण 'आनक'मधला तो शेवटचा क! आपला साधा क नव्हे, पार आत पडजिभेपाशी म्हणायचा. आठवडाभर घोटला मी तो. भांडी घासताना, आंघोळ करताना. एमआरटी मेट्रोत तर शेजारी बसलेल्या काकांनी खोकल्याची गोळी पुढे केली. आणि माझी लेक सई? तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणते, "आई, यू ओके ऑर नॉट? साउंड लाइक चोकिंग लाह!"

शनिवारी सईला घेऊन हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत गेले. निवी आणि आजी जेवत होत्या. मी वाकले, सगळा जीव पडजिभेत गोळा केला आणि म्हटलं, "टिकिल्लुआरित, अनक!"

आजींचा चमचा हवेतच राहिला.

ऐकू कमी येत असेल, असं वाटून मी मोठ्याने म्हटलं. मग आणखी मोठ्याने, हात जोडून.

निवी लालबुंद झाली. "अगं, आ लांबव! आनक! आखूड केलास की त्याचा अर्थ…" आणि तिने तो कानात सांगितला. थेट बाळाच्या लंगोटातला!

म्हणजे मी चारचौघांत, तीनदा, नमस्कार करून म्हटलं होतं, 'या, शी, या!' व्हॉट्सॲपवर अख्ख्या खानदानाचं ह्रस्व-दीर्घ सुधारणारी मी!

आजींचे खांदे हलायला लागले. रडतात की काय? नाही हो, हसत होत्या! डोळे पुसत त्यांनी माझी हनुवटी धरली आणि "आऽऽ" करून दाखवलं. मग ज्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. ताटातला मासा, चमचा, सईची वेणी, सगळ्यांची नावं माझ्याकडून वदवून घेतली. मी चुकायचे, त्या हसायच्या, पुन्हा शिकवायच्या. मला फार बरं वाटलं. फजिती झाली तर झाली, आजी बोलत्या तर झाल्या!

निघताना त्या निवीला हळूच काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणाल्या गं?" मी कौतुक ऐकायला कान टवकारले.

निवी हसू दाबत म्हणाली, "म्हणतेय, पोर गुणी आहे. पण बिचारीशी घरी कोणी बोलत नाही वाटतं, म्हणून जीभ अशी जड झालीय. उद्या पुन्हा घेऊन ये तिला."