सिमेंटवर शिकवलेली बॅटिंग

मिलच्या क्रिकेट टीमचा कप्तान मी होतो. शाळा चौथीपर्यंत, पण चेंडू कळायचा. मध्यभारत हे वेगळं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. परदेशीपुऱ्यात, मिलवाल्यांच्या वस्तीत, आमची चाळ. टीममध्ये नाव लागलं की साच्यावरून, म्हणजे मागावरून, सुटका. घडीखात्यात कापडाच्या घड्या घालायच्या आणि चार वाजले की मैदानावर. नाव कटलं की साहेब धाडतील त्या खात्यात. कागदावर यातलं काहीच नाही, पण सगळ्यांना पक्कं माहीत.

त्या वर्षी आम्ही सगळे सामने हरलो. बॉलरांनी जीव काढला, बॅटिंगच नव्हती. दुसऱ्या मिलचे लोक चाळीच्या तोंडाशी उभे राहून ओरडायचे, "क्यों भिया, पॅड बांधायला लागतो तेवढा वेळ तरी टिका!"

सीझन संपल्यावर मॅनेजरसाहेबांनी निरोप धाडला. उद्या या, एकेका बॅट्समनचं सांगा, एकाला काढायचाय.

घरची ऐकत होती. तिचा धाकटा भाऊ आमच्याच टीममध्ये, तिसऱ्या नंबरला खेळायचा. आईबाप लहानपणीच गेले, तिनंच त्याला वाढवला. छाती पहिल्यापासून कच्ची.

"उद्या काय बोलणार?"

"जे आहे ते."

"ते बोला. पण त्याला रुईखात्यात टाकतील हो. तिथं हवेत नुसता कापूस उडतो. मरेल तो."

"मी बसलोय ना," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि सांगत गेलो. पहिला, हात चांगले, पण पाय मागं. दुसरा, नजर घारीची, पण पाय मागं. चौथा एवढा उंच की पाय टाकला तर अर्ध्या पिचवर पोचेल, पण टाकतच नाही.

साहेब हसले. "अरे, सगळ्यांचेच पाय मागं कसे?"

तिथं मला आमची प्रॅक्टिस आठवली.

पिचवर अंथरायची काथ्याची मॅट फाटेल, नवी मागायला कोण जाणार, म्हणून मी ती सामन्यापुरतीच काढायचो. प्रॅक्टिस सगळी गोदामापुढच्या सिमेंटवर. तिथं चेंडू छातीवर यायचा. मीच ओरडायचो, "पीछे जा बे, पीछे!" सामन्याला भुसभुशीत मातीवर मॅट अंथरायचे, तिथं चेंडू घोट्याला. पोरं शिकवल्यासारखी मागं जायची, दांडी गुल. अख्खा सीझन हे चाललं आणि मला ते त्या टेबलासमोर कळलं.

सांगितलं असतं तर नाव माझं कटलं असतं. साच्यावर परत गेलो असतो. मेलो नसतो.

मी म्हणालो, "साहेब, माझ्या साळ्याला काढा. त्याच्यात दम नाही."

"घर का आदमी?" साहेब खुर्चीतून उठले, माझा हात हातात घेतला. "शाबाश. ईमानदारी इसको कहते हैं."

घरी येऊन सांगितलं, साहेबांनी काढला. माझं ऐकलं नाही.

ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही, पण साहेबाच्या सात पिढ्या उद्धरल्या तिनं. साळा दारात बसलेला. म्हणाला, "जाऊ दे ताई. जिजाजी तरी काय करणार? मी खेळलोच भंगार." खरं तर त्यातल्या त्यात तोच बरा खेळला होता.

त्याला रुईखातंच मिळालं. संध्याकाळी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या. पहिल्या थंडीत खोकला धरला, दुसरीत रक्त पडलं. तिसरी त्यानं पाहिली नाही. तोवर मी सिमेंटवरची प्रॅक्टिस बंद केली होती. टीम जिंकायला लागली होती. लोक पाठ थोपटायचे.

ती जन्मभर त्या साहेबाला तळतळाट देत राहिली, आणि मी ऐकत राहिलो. एकदा तर मीही चार शिव्या घातल्या.

गेल्या वर्षी तिनं अंथरूण धरलं. एका सकाळी मी चमच्यानं पाणी पाजत होतो. म्हणाली, "अहो, त्या साहेबाला मी माफ केलं बघा. जाताना मनात कशाला ठेवू?"

तोंड उघडलं होतं मी. देवाशप्पथ उघडलं होतं.

"बरं केलंस," म्हणालो.

चौथ्या दिवशी गेली. आता घरात मी एकटा, हे लिहीत बसलोय. ती वाचणार नाही, म्हणूनच हात चालतोय.