सर्व्हरवरून गेलेला पहिला रिपोर्ट
बिदरच्या एका खासगी लॅबमध्ये मी सर्व्हर सांभाळायचो. रुग्णांचे रिपोर्ट सर्व्हरवरूनच एका कमांडनं ईमेल व्हावेत, असं मालकांनी सांगितलं होतं. जोडणी सुरक्षित नव्हती, म्हणून दोन दिवस प्रत्येक मेल नाकारली गेली. तिसऱ्या दिवशी जोडणी सुरक्षित करणारं एन्क्रिप्शन जमलं. मेलच्या पासवर्डची फाईल माझ्याशिवाय कुणाला वाचता येणार नाही अशी केली आणि पहिला खरा रिपोर्ट पाठवला.

तो माझ्या आईचा होता. मानेजवळ गाठ आली म्हणून तिला कमलनगरहून आणलं होतं. रिपोर्ट उघडायचं धाडस झालं नाही. तसाच पुण्याला थोरल्या भावाला, अण्णाला पाठवला. मेल गेली, याचा क्षणभर आनंदही झाला.

थोड्या वेळानं अण्णाचा फोन आला. "तू रिपोर्ट वाचलास का?"

"न्हाई."

"मग वाचू नको. मी निघायलोय."

मी बाहेर आलो, तर बाकावर बसलेल्या आईनं माझं तोंड बघितलं. "कामून रडायलास रे?"

"काम जमलं, माय. म्हणून."

तिनं पदरानं माझे डोळे पुसले.

पोळ्याच्या आधीच ती गेली. तोवर आम्ही दोघं भाऊ तिच्यापुढं हसत राहिलो, आणि तीही आमच्यासाठी हसत राहिली.