हिरवा चुडा भरणारे हात

डांबराच्या मलमाचा तो उग्र वास आला, की परभणीच्या बाजारात कासारीणबाईंचं दुकान जवळ आलं, हे मी डोळे मिटूनही ओळखत असे. त्यांच्या हातांवर सोरायसिसचे चंदेरी पापुद्रे होते. तो आजार स्पर्शानं पसरत नाही. तरी आया आपल्या मुलींचे हात मागे ओढून घेत. हिरवा चुडा भरणाऱ्या कासारणीला नवरीनं वाकून नमस्कार करायचा, ही ज्यांच्या घरची रीत, त्याच ह्या बाया!

मग एका वैद्याच्या पुड्यांनी त्यांचे हात नितळ झाले. मलमाचा वास गेला, गिऱ्हाईक परतलं. "ढिल्ला सोडा हात, ताई. हाडं न्हाईतच समजा," म्हणत त्या बोटांचे सांधे असे दाबत, की बांगडी पाण्यासारखी मनगटात उतरे. पण त्यांचा चेहरा सुजून गोल झाला, तहान भागेना, दुकानाची पायरी चढतानाही धाप लागू लागली.

मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तपासून डॉक्टर संतापले. "पुडीत स्टेरॉइड दिसतंय, बाई. त्यानं साखर आणि रक्तदाब दोन्ही चढलेत, हृदयावर ताण येतोय. एकदम थांबवू नका. मी हळूहळू कमी करतो. चट्टे मात्र परत येतील."

बाहेर आलो तेव्हा माझ्या मनात राग मावत नव्हता. औषध म्हणून विष विकणाऱ्या त्या वैद्याचा राग, आणि ते गिळायला लावणाऱ्या त्या साऱ्या गोमट्या मनगटांचा.

"मग पुड्या कधीपासून कमी करायच्या?" मी विचारलं.

डोक्यावरचा पदर सावरत त्या म्हणाल्या,

"लगीनसराईनंतर."