घरगाडीतला उंदीर

काशिनाथने काडी ओढायला घेतली आणि मी त्याच्या हातावर असा फटका मारला की काडीपेटी थेट डॅशबोर्डखाली जाऊन पडली.

"अवो दादा, उदबत्ती लावतोय. देवाला," तो म्हणाला.

"देवाला लावतोयस की देवाकडे निघालायस? उतर खाली! आधी उतर!"

दंडाला धरून त्याला गाडीबाहेर काढलं. गॅरेजमधलं वेल्डिंग बंद करायला लावलं, शेजारच्या टपरीवाल्याला स्टोव्ह विझवायला सांगितला. कोणी का म्हणून विचारलं नाही. माझा आवाज चढला की शहापूरच्या नाक्यापर्यंत जायचा, आणि तेव्हा तो चढलेलाच होता.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. शहापूरला हायवेलगत माझं गॅरेज होतं. ट्रक, टेम्पो, भातसानगरच्या कॉलनीतल्या जीपगाड्या, सगळं यायचं. ही गाडी मात्र एकच होती. घरगाडी म्हणायचे तिला. जुन्या बसच्या चॅसीवर, म्हणजे लोखंडी सांगाड्यावर, खोली बांधलेली. आत दोन बेड, ओटा, सिंक, पाण्याची टाकी आणि गॅसची शेगडी. कुठल्याशा कंपनीने साइटवरच्या साहेबांसाठी बांधून घेतली आणि खिळखिळी झाल्यावर विकली. घेतली मुरबाडकडच्या नाना शेठनी. मुंबईच्या पार्ट्या सिद्धगडच्या पायथ्याशी न्यायच्या आणि गाडीतच मुक्काम करवायचा, असा त्यांचा धंदा. कल्पना चांगली होती. पण शेठना गाडीचा बाहेरचा रंग तेवढा कळायचा. काशिनाथ त्यांचा ड्रायव्हर.

तक्रारी दोन होत्या. काशिनाथ म्हणाला, "आत उंदीर मेलाय दादा. सीटा काढल्या, फळ्या उचकटल्या, घावतच नाय. वास मारतोय म्हणून सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लावतो."

दुसरी तक्रार शेठनी आदल्या दिवशी फोनवर सांगितली होती. "सिलिंडर लगेच संपतोय. काशिनाथ चहा करून पित असंल, नायतर गॅस इकत असंल. तू जरा बघ."

पायरीवर पाय ठेवला आणि दोन्ही तक्रारींचं उत्तर मला एकदम मिळालं. उंदीर कसला, गॅस गळत होता. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम कुजकट वास घालतात. काशिनाथच्या घरी चूल. त्याला हा वास कुठून माहीत असणार? त्याचं नाक म्हणालं उंदीर, तो उंदीर शोधत बसला. पण शेठच्या घरी तर गॅस होता! एकदा, फक्त एकदा, त्यांनी आत डोकं घातलं असतं तर? नाही. ते खाली उभं राहून पार्टीला टाटा करणार.

सगळी दारं-खिडक्या उघडून ठेवल्या. वास विरल्यावर मी आत गेलो. सिलिंडरचं कपाट बेडखाली होतं. रेग्युलेटर चालूच. बंद करायचा तर पोटावर पडून हात घालावा लागायचा, म्हणून कोणी बंदच करत नव्हतं. मी तो बंद करून काढला आणि सिलिंडर उचलून पार मागच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवला. रबरी पाइप तपासला, तर दातांच्या खुणा. उंदराने कुरतडलेला होता. भोक एवढंसं, सुईने पाडल्यासारखं.

तरीही एवढा गॅस आत साचायला नको होता. अशा गाडीत सिलिंडरच्या कपाटाला तळाशी एक भोक ठेवलेलं असतं. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर त्या भोकातून खाली रस्त्यावर उतरतो, वाऱ्याने निघून जातो. मी टॉर्च मारली. भोक नव्हतं. पोत्याचं फडकं कोंबून वरून डांबर थापलेलं.

"हे कोणी केलं?"

"मीच," काशिनाथ म्हणाला. "गाडी खळ्यावर असती ना. बाजूला भाताच्या उडव्या रचलेल्या. उंदरांचा नुसता सुळसुळाट. शेठ बोलले, खालची भोकं सगळी बुजव."

म्हणजे असं. उंदीर भोकातून आला, पाइप कुरतडला आणि गेला. मग भोक बुजवलं. उंदीर बाहेर राहिला आणि गॅस आत कोंडला. कपाटाच्या फटीतून तो गाडीत पसरायचा आणि खालीच, जमिनीलगत साचून राहायचा.

पोत्याचं फडकं ओढून काढताना बेडखाली मला एक गोधडी दिसली. गुंडाळून नीट ठेवलेली.

"ही कोणाची?"

"माझी. रात्री राखणीला झोपतो. कधी बायको पण येती."

"झोपतोस कुठे?"

त्याने दोन बेडांमधली जमीन दाखवली. "हितं."

"अरे, दोन बेड आहेत की!"

"गाद्या पार्टीसाठी हायेत. त्यावर बसायचं नाय, शेठनी सांगितलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाद्या वर रिकाम्या, आणि हा माणूस बायकोला घेऊन नेमका तिथे झोपत होता जिथे गॅस उतरायचा. रात्री वास असह्य झाला की खिडकी उघडायचा, सकाळी दार सताड उघडून गोधडी झटकायचा आणि मग काडी ओढायचा. त्या झटकण्यानेच तो वाचला, दुसरं काही नाही. आज तो सगळं बंद ठेवून किन्हवलीवरून गाडी घेऊन आला होता आणि दार ओढून घेऊन काडी पेटवत होता.

दुपारी शेठ जीपने आले. पांढरे कपडे, पायात करकरीत चपला.

"झाली का गाडी? उद्या माझे व्याही येतायत कल्याणवरून. सिद्धगडला न्यायचंय त्यांना. आज गाडी पायजे."

"आज मिळणार नाही."

"काय मोठं झालंय? उंदीरच ना?"

मी त्यांना पाइप दाखवला. साबणाचं पाणी लावून, एका टोकाने फुंकून बुडबुडे दाखवले. बुजवलेलं भोक दाखवलं. काडी पेटली असती तर काय झालं असतं, तेही सांगितलं, आणि हळू आवाजात सांगितलं नाही. "चोरी म्हणत होतात ना? चोर सोडून संन्याशाला फाशी! तुमचा गॅस जमिनीवर सांडत होता!"

शेठ पांढरे पडले. खुर्चीत बसले. कपाळ पुसत म्हणाले, "आयला! उद्या व्याह्यांना काय झालं असतं म्हणजे? काय तोंड दाखवलं असतं रे मी? पोरीचं सासर हाय ते!"

"उद्याचं सोडा, शेठ. काल रात्री गाडीत कोण होतं?"

"काल?" त्यांनी खरोखर आठवून बघितलं. "काल कोण नव्हतं. काशिनाथच व्हता."

काशिनाथ तिथेच उभा होता, हाताच्या अंतरावर. मला हातातला पाना फेकून मारावासा वाटला. फेकला नाही, याचं आजही थोडं वाईट वाटतं.

"ऐका," मी म्हणालो. "नवा पाइप, नवा रेग्युलेटर. भोक उघडून वर जाळी बसवतो, म्हणजे गॅस जाईल आणि उंदीर येणार नाही. उद्या दुपारी गाडी देतो. पण राखणदार बेडवर झोपणार. कबूल नसेल तर गाडी न्या, सिलिंडर इथेच राहील."

"माझ्या गाडीत कोण कुठं झोपल ते तू ठरवणार?"

"हो. मीच ठरवणार!"

आमची जुंपलेली असताना काशिनाथ गाडीत चढला. गोधडी काखेत मारून उतरला. गाडीची किल्ली त्याने शेठच्या पुढ्यात टेबलावर ठेवली आणि एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागला.

"ए, कुठं चालला?" शेठ ओरडले. "उद्या गाडी कोण चालवंल?"

तो वळला. "घरी चाललो शेठ. झोपाय."

व्याही दुसऱ्या दिवशी शेठच्या जीपने सिद्धगडला गेले आणि रात्रीच्या आत परत आले. शेठ गाडी न्यायला नवा ड्रायव्हर घेऊन आले, तेव्हा माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. काशिनाथ पुढे तानसाकडे एकाचा टेम्पो चालवायला लागला.

त्यानंतर अशा दोन-चार जुन्या गाड्या माझ्याकडे आल्या. मालक इंजिनाबद्दल बोलायला लागला की मी त्याला थांबवायचो. रात्री गाडीत कोण झोपतं, आणि वर झोपतं की खाली, हे आधी विचारायचो. "कोणी नाही" असं उत्तर आलं, की ड्रायव्हरला बाजूला घेऊन पुन्हा विचारायचो.